साठीनंतरच्या लसी: घरातल्या ज्येष्ठांची ड्यू लिस्ट कशी करायची

मी 31 वर्षं आरोग्यसेविका होते, बहुतेक काळ सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर. दर महिन्याच्या लसीकरण सेशनआधी आम्ही ड्यू लिस्ट, म्हणजे कोणाची कोणती लस द्यायची आहे त्याची यादी, काढायचो. कुठल्या वाडीवर कुठलं बाळ आहे, दीड महिन्याची लस कोणाची आली, गोवरची कोणाची राहिली, कोण आईबरोबर आजोळी गेलंय, सगळं त्यात असायचं. यादीत नाव चढलं की ते बाळ सुटत नसे. आशा ताई घरी जाऊन बोलावून आणायची, आणि तरीही कोणी आलं नाही तर आम्हीच चालत त्यांच्या दारात जायचो.

निवृत्त झाल्यावर मी ज्येष्ठ नागरिक संघात जायला लागले, तेव्हा एक गोष्ट मनाला फार लागली. समोर बसलेल्या चाळीसेक माणसांपैकी एकाचंही नाव अशा कुठल्या यादीत नव्हतं. देशातला लसीकरण कार्यक्रम 1978 साली सुरू झाला आणि 1985 पासून त्याचा विस्तार झाला, पण तो मुख्यतः बाळांचा आणि गरोदर बायांचा. साठीपुढच्या माणसाला त्याची लस राहिलीय हे सांगायला कोणी येत नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरच्या लोकांची मोठी पाहणी केली होती. त्यात फ्लूची लस कधीतरी घेतलेले लोक दीड टक्क्याच्या आसपास निघाले, आणि न्यूमोनियाची लस घेतलेले एक टक्क्याहूनही कमी. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांनी विचार करून नकार दिला असेल, असं मला वाटत नाही. त्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं.

हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मी हे लिहितेय. तुम्ही मुलगा असाल, लेक असाल, सून असाल, नातवंड असाल किंवा संघाचे नवे कार्यकर्ते असाल. आपल्या घराची ड्यू लिस्ट आता आपणच करायची आहे.

पहिली पायरी: एक वही, एक संध्याकाळ

साधी शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक माणसाला एक पान द्या. वर नाव आणि जन्मसाल. जन्मसाल पक्कं माहीत नसेल तर आधार कार्डावरचं चालेल. खाली लिहा: कोणते आजार आहेत, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, औषधाची किंवा इंजेक्शनची कधी ॲलर्जी आली होती का, आणि आजवर कोणत्या लसी झाल्या. गोळ्यांची नावं विचारून लिहू नका, डबा मागून घेऊन पाकिटावरून उतरवा. "ती पांढरी, सकाळची" एवढ्यावर डॉक्टरांचं काम चालत नाही.

आजारांमध्ये मधुमेह, दमा, हृदयविकार, किडनीचा विकार, कर्करोगाचे उपचार हे विशेष लक्षात घ्या, कारण अशा माणसाला फ्लू आणि न्यूमोनिया जास्त जड जातो. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांची फुप्फुसं विडी ओढणाऱ्या पुरुषासारखी झालेली मी पाहिली आहेत. त्या कधीच "मला दमा आहे" म्हणत नाहीत. "चढाला जरा धाप लागते" एवढंच म्हणतात. तेही वहीत लिहा.

जुन्या लसींबद्दल विचाराल तेव्हा घाई करू नका. आमच्या संघातल्या माईंना, वय 76, मी सहज म्हटलं, "माई, देवी काढल्या होत्या का हो तुम्हाला?" त्यांनी बाही वर सारली. दंडावर दोन गोल वण, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे, मधली कातडी पातळ आणि सुरकुतलेली. मग त्या पाऊण तास बोलत होत्या. देवीचा डॉक्टर आला की पोरं ज्वारीत लपायची, वडिलांनी कसं पकडून आणलं, शेजारच्या घरातली मुलगी देवीत कशी गेली, सगळं. 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. लसीने एक रोग गावातून कायमचा गेलेला या पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. त्यांना लस म्हणजे काय ते शिकवायला जाऊ नका, त्यांनाच सांगू द्या.

दुसरी पायरी: कोणत्या लसी, कोणत्या क्रमाने

नक्की काय आणि केव्हा द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्याकडे जाताना आपल्याला मोघम तरी माहिती असलेली बरी.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणते विषाणू असावेत ते जाहीर करते. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि थंडीच्या अखेरीला पुन्हा एक छोटी लाट येते. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे हा आपल्याकडचा चांगला काळ. वारीला जाणारं कोणी घरात असेल तर माउलींच्या प्रस्थानाच्या तीनेक आठवडे आधीची तारीख धरा. हजारोंच्या गर्दीत, भिजत, तंबूत दाटीने झोपून वीस-एकवीस दिवस काढायचे असतात. ही लस साध्या सर्दीवर नाही. "घेतली तरी नाक गळतंय" अशी तक्रार पुढे येणारच, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. वयस्कर माणूस फ्लूने दवाखान्यात भरती होऊ नये, त्यातून न्यूमोनिया होऊ नये, हृदयावर ताण येऊ नये, यासाठी ती घ्यायची. फ्लू झाल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका बराच वाढतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

न्यूमोनियाची म्हणतात ती लस न्यूमोकॉकस नावाच्या जंतूवरची. तिचे प्रकार आहेत आणि इथेच नव्या माणसाचा गोंधळ होतो. पीसीव्ही 13 हा प्रकार आधी दिला तर साधारण वर्षाने पीपीएसव्ही 23 हा दुसरा प्रकार देतात. प्रतिकारशक्ती खूप कमी असेल तर हे अंतर दोन महिन्यांपर्यंत खाली येतं. पीसीव्ही 20 दिली तर सहसा एका डोसात काम होतं. ही लस दरवर्षीची नाही. तुम्ही डॉक्टरांना एकच विचारा, "यानंतर दुसरी लागेल का, आणि कधी?" उत्तर मिळालं की लगेच वहीत उतरवा.

टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. ही दर दहा वर्षांनी घ्यायची. पूर्वीच्या टीटीच्या, म्हणजे नुसत्या धनुर्वाताच्या लसीच्या, जागी आता हीच मिळते, अगदी स्वस्तात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. बायकांना निदान बाळंतपणात टीटी मिळालेली असते. पुरुषांचं कठीण. शेतात अनवाणी फिरणाऱ्या सत्तरीच्या माणसाला शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं विचारलं तर "बैलानं शिंग मारलं तवा" असं उत्तर येतं, आणि त्याला तीस वर्षं होऊन गेलेली असतात. कधीच काही घेतल्याचं आठवत नसेल तर एका टीडीवर भागत नाही, तीन डोसांचा कोर्स करावा लागतो.

नागिणीवर मात्र थोडं थांबून लिहिते, कारण ते माझ्या घरात घडलंय.

2011 च्या श्रावणात आमच्या आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. दोन दिवसांनी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला, पाठीच्या कण्यापासून पोटाकडे येणारा. घरात एकच घबराट, कारण आपल्याकडे समजूत आहे की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. थोरल्या दिरांनी त्यांना शेजारच्या गावात एका माणसाकडे नेलं. त्याने काव लावली, मंत्र म्हटला, मीठ बंद करायला सांगितलं. मी आरोग्यसेविका, आणि तरी घरातल्या मोठ्यांचा मान राखून तीन दिवस गप्प बसले. त्या तीन दिवसांची चुटपुट अजून आहे. नागिणीवरचं विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तरच त्याचा पुरता उपयोग होतो. फोड पंधरा दिवसांत सुकले. ठणका आठ महिने राहिला. पदर त्या जागेला लागला तरी आत्याबाई कळवळायच्या. त्या आठ महिन्यांत त्या घरात लुगड्याचा काठ हाताने अंगापासून दूर धरून चालायच्या.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि वय झाल्यावर, प्रतिकारशक्ती उतरली की, नागीण होऊन बाहेर येतो. तोंड-शेपूट जुळण्याला काही अर्थ नाही. तो पट्टा एका मज्जातंतूच्या वाटेने जातो, म्हणून बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला राहतो. यावरची शिंग्रिक्स ही लस भारतात 2023 पासून मिळते, वय 50 पासून पुढे. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. मोठ्या चाचण्यांमध्ये सत्तरीपुढच्या लोकांतही ती सुमारे 90 टक्के परिणामकारक ठरली. नागीण एकदा होऊन गेलेल्यांनाही बरं झाल्यावर ती घेता येते. महाग आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

डायलिसिसवर असलेल्यांना आणि काही मधुमेहींना कावीळ बीची लस लागते. कोविडचा आणखी डोस घ्यावा का, हे वय आणि आजार पाहून डॉक्टरांनाच विचारा.

पैशाची ओढाताण असेल तर मी हा क्रम धरेन: टीडी लगेच, पावसाळ्याआधी फ्लू, मग न्यूमोनिया, आणि जमेल तेव्हा नागीण. फ्लू आणि न्यूमोनिया एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांवर देता येतात. ज्यांना रिक्षाने पंधरा किलोमीटर यावं लागतं त्यांना दोन खेपा कशाला? तसं करता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

तिसरी पायरी: 'नको' ऐकल्यावर

इथेच बहुतेक लोक थांबतात. "आई नको म्हणाली" एवढं सांगून मुलगा मोकळा होतो. माझ्या अनुभवात 'नको' हा एकच शब्द पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. कुठली गोष्ट आहे ते कळल्याशिवाय समजावायला बसू नका.

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं, "आता माझे किती दिवस राहिले? माझ्यावर कशाला खर्च?" हे लसीबद्दल नसतं. आपला भार मुलांवर पडतोय, या जाणिवेतून ते येतं. यावर "पैशाचं तुम्ही बघू नका" म्हटलं की ती जाणीव आणखी टोचते. किंमत लपवूही नका. खरी किंमत सांगा आणि मग मनातलं बोला. मी आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीला म्हटलं होतं, "मावशी, तुम्ही पंधरा दिवस आजारी पडलात तर मला रजा नाही मिळायची. तुम्ही हिंडत्या-फिरत्या राहिलात तर माझंच बरं." त्यात खोटं काही नव्हतं. सत्तरीतला माणूस पंधरा दिवस अंथरुणावर पडला तर पायातली ताकद जाते, आणि उठल्यावर हातात काठी येते. मावशींना ते लगेच पटलं, कारण काठी त्यांना नको होती.

दुसरं, "मला काय झालंय? मी धडधाकट आहे." हा स्वाभिमान आहे, त्याला धक्का लावू नका. "धडधाकट आहात म्हणून तर लस चांगली लागू पडेल" असं म्हणा. तेही खरंच आहे. शरीर थकण्याआधी घेतलेली लस जास्त काम करते.

तिसरं, भीती. 2021 मध्ये कोविडची लस घेतल्यावर अमका गेला, तमक्याला अटॅक आला, अशा गोष्टी प्रत्येक गावात आहेत. 2024 च्या एप्रिल-मेमध्ये कोविशिल्ड या कोविडच्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात अशा बातम्या आल्या आणि जुनी भीती पुन्हा वर आली. त्यांना हसू नका आणि "व्हॉट्सॲपवरचं काहीही वाचता" असं तर मुळीच म्हणू नका. गेलेला माणूस त्यांच्या ओळखीचा होता. आधी त्याच्याबद्दल ऐकून घ्या. मग सांगा: रक्ताच्या गुठळ्यांचा तो त्रास खरा होता, पण फार विरळा होता आणि लसीनंतरच्या काही आठवड्यांतच दिसणारा होता. आणि आता आपण ज्या लसी म्हणतोय त्या वेगळ्या आहेत. फ्लूची लस जगात कितीतरी दशकं वापरात आहे. वर सांगितलेल्या सुईच्या लसींमध्ये जिवंत जंतू नसतो, त्यामुळे लसीतूनच तो आजार होण्याचा प्रश्नच येत नाही.

काही 'नको' मात्र फारच साधे असतात आणि तेच कोणी विचारत नाही. संघातले एक तात्या दोन वर्षं फ्लूच्या लसीला टाळाटाळ करत होते. शेवटी चहा पिताना हळूच म्हणाले, "मला रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत. सुई टोचली आणि रक्त थांबलं नाही तर?" दोन वर्षं हा प्रश्न मनात होता. लसीची सुई बारीक असते, टोचल्यावर चोळायचं नाही, कापूस दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचा. वॉरफेरिनसारखी गोळी असेल तर टोचणाऱ्याला आधी सांगायचं. तात्या पुढच्याच सोमवारी आले. कोणाला जिना चढवत नाही, कोणाला बाहेर गेल्यावर लघवीला जायची पंचाईत होते, कोणाला ऐकू कमी येतं आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर ओरडून बोललेलं लाजिरवाणं वाटतं. ही अडचण आपण गाडीने, वेळेने, शांत खोलीने सोडवू शकतो. त्यासाठी मन वळवायची गरजच नसते.

बोलताना हुकूम सोडू नका. "उद्या दहाला तयार राहा, लस घ्यायचीय" हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकलंय, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाशी बोलायची ही रीत नव्हे. "आई, गुरुवारी जाऊया की शनिवारी?" असं विचारा. दिवस त्यांना निवडू द्या. त्या एकादशी, चतुर्थी, भाचीचं लग्न बघून दिवस सांगतील, आणि ते बरोबरच आहे. उपाशीपोटी किंवा दुसऱ्या दिवशी कार्य असताना लस शक्यतो न घेतलेली बरी.

चौथी पायरी: डॉक्टरांच्या तोंडचं एक वाक्य

मुलांनी चार महिने सांगितलेलं ऐकत नाहीत आणि डॉक्टरांनी एकदा सांगितलं की ऐकतात. याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याचा उपयोग करा. अडचण अशी की बीपी-शुगरच्या तपासणीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात आणि लसीचा विषय निघतच नाही. म्हणून पुढच्या फेरीला जाण्याआधी फाईलच्या पहिल्या पानाला एक चिठ्ठी लावा: "वय 72, मधुमेह, फ्लू आणि न्यूमोनियाची लस कधीच घेतलेली नाही. घ्यावी का?" डॉक्टर ती वाचतील आणि पेशंटकडे बघून बोलतील. तेवढं पुरतं.

आणखी काही गोष्टी डॉक्टरांना न चुकता सांगा. आधी कुठल्या लसीनंतर अंगावर गांधी येऊन श्वास अडकला होता का. फ्लूच्या लसीनंतर काही आठवड्यांत हातपाय लुळे पडले होते का. स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू आहे का, कारण मग वेळ जुळवावी लागते. आज ताप आहे का. साधी सर्दी असेल तर लस टाळायचं कारण नाही, सणसणून ताप असेल तर आठवडाभर थांबा.

पाचवी पायरी: कुठे आणि किती पैशात

टीडी सरकारी केंद्रात मिळते. फ्लूची लस राज्यात काही महापालिका आणि सरकारी रुग्णालयांत जोखमीच्या लोकांना मोफत देतात, पण साठा वर्षभर असेलच असं नाही. मे महिन्यातच आशा ताईंना विचारा किंवा 104 या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. बाकीच्या लसी खाजगीतच घ्याव्या लागतात. फ्लूची साधारण दीड-दोन हजार, पीसीव्ही 13 चार हजारांच्या आसपास, नागिणीची एका डोसाला दहा हजारांच्या आगेमागे. भाव बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा, आणि टोचायचे वेगळे पैसे घेतात का तेही विचारा. 70 वर्षांवरच्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, त्यात पाच लाखांपर्यंतचे भरती होऊन घेतलेले उपचार येतात. ते कार्ड जरूर काढा, पण लसीचे पैसे त्यातून निघतील या भरवशावर राहू नका.

लस शक्यतो जिथे टोचायची तिथल्याच फ्रिजमधली घ्या. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. मेडिकलमधून घेऊन उन्हात पिशवीत घालून, वाटेत भाजी घेऊन तासाभराने दवाखान्यात पोचलेली लस मी पाहिली आहे. पैसे वाया आणि लस घेतल्याचं खोटं समाधान. मेडिकलमधूनच आणावी लागली तर थर्मास किंवा बर्फाची पाकिटं असलेला डबा न्या. लस बर्फाला थेट टेकवू नका, गोठली तरी ती बाद होते. फ्लूच्या लसीच्या खोक्यावर हंगामाचं वर्ष छापलेलं असतं. मागच्या हंगामाची नाही ना, हे तिथेच उभं राहून वाचा. मुदत संपायची तारीखही वाचा. यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही, आम्ही आरोग्यसेविका प्रत्येक बाळासाठी हेच करायचो.

सहावी पायरी: तो दिवस

सकाळी व्यवस्थित जेवून किंवा न्याहारी करून निघा, रोजच्या गोळ्या वेळेवर घेऊन. कपड्यांकडे लक्ष द्या. सुई दंडाच्या वरच्या भागात, खांद्याच्या थोडं खाली लागते. आपल्याकडच्या वयस्कर बायकांच्या चोळीची बाही घट्ट असते, ती वर सरकत नाही, आणि मग परक्या माणसासमोर गळ्याचे हूक काढायची वेळ येते. एका आजींनी तेवढ्यासाठी परत जायचं म्हटलं होतं. सैल बाहीचा ब्लाउज घालायला आदल्या रात्रीच सांगा, आणि सोबत एखादी बाई असू द्या.

वही, आधीची कार्डं, गोळ्यांची पाकिटं, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तेवढ्यात ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी, श्वासाला त्रास, चक्कर असं काही झालं तर तिथल्या तिथे इलाज होतो. असं क्वचितच घडतं. घरी आल्यावर असं झालं तर 108 ला फोन करा, वाट पाहू नका.

निघायच्या आधी कार्डावर लसीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर लिहून घ्या. बहुतेक लसींच्या सिरिंजवर किंवा खोक्यावर छोटा स्टिकर असतो, तो सोडवून वहीत चिकटवा.

पुढचे दोन दिवस

दंड दुखेल, थोडी सूज येईल, अंग मोडून आल्यासारखं होईल, कणकण येईल. नागिणीच्या लसीनंतर हे जरा जास्त असतं, दोन-तीन दिवसही राहतं. आधी सांगितलेलं असेल तर ते निभावून नेतात, सांगितलेलं नसेल तर दुसऱ्या डोसाला येतच नाहीत. डॉक्टरांनी सांगितली असेल ती पॅरासिटॅमॉल द्या, टोचलेली जागा चोळू नका, त्यावर हळद-चुना काही लावू नका. त्या दोन दिवसांत संध्याकाळी एकदा जवळ बसून विचारपूस करा. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असाल तर फोन करा. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर तो लसीचा आहे असं समजून बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

जे उठून येऊ शकत नाहीत

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लस कशी द्यायची, हा प्रश्न कोविडच्या काळात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि 2021 च्या जुलैअखेरीस मुंबईत अशा लोकांचं घरी जाऊन लसीकरण सुरू झालं. म्हणजे ते करता येतं. आज तुमच्या फॅमिली डॉक्टरांना किंवा नर्सिंग सेवा देणाऱ्यांना घरी यायला विचारा. टोचल्यावर अर्धा तास ते थांबतील, हे ठरवूनच बोलवा. आणि अशा माणसाची सेवा करणाऱ्या घरच्यांनीही फ्लूची लस घ्या, कारण आजार घरात आपणच आणतो.

संघात काम करत असाल तर एकट्याने घरोघर फिरण्यापेक्षा महिन्याच्या सभेत एका डॉक्टरांना वीस मिनिटं बोलवा, आणि त्याआधी लस घेऊन झालेल्या दोन सभासदांना पाच-पाच मिनिटं बोलू द्या. आमच्याकडे तात्या बोलले होते, कापूस किती वेळ दाबला होता तेही त्यांनी हात करून दाखवलं. त्या दिवशी अकरा जणांनी नाव दिलं. पंधरा-वीस नावं जमली की दवाखानेही सवलतीत शिबिर घ्यायला तयार होतात.

शेवटचं काम: पुढची तारीख

बाळांच्या बाबतीत आम्ही पहिल्या लसीपेक्षा शेवटच्या लसीवर जास्त नजर ठेवायचो, कारण गळती तिथे होते. ज्येष्ठांचंही तेच. नागिणीचा एकच डोस घेऊन थांबलेले लोक मला दर महिन्याला भेटतात. पुढच्या डोसाची तारीख घरी आल्या-आल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा, पुढच्या वर्षातली असेल तर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा आणि नवं कॅलेंडर आलं की त्यावर उतरवा. कार्डाचा फोटो काढून सगळ्या भावंडांना पाठवा. मूळ कार्ड मात्र ज्याचं त्याच्याकडे राहू द्या. माईंनी त्यांचं कार्ड रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये, पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतः ते काढून मला दाखवलं, आणि विचारलं, "यंदाची फ्लूची कधी गं?"